चौदा सांगाडे आणि तुझी टेप

भाऊराया,

बायकांनी मोजलं की असंच व्हायचं, हे तू सगळ्या साइटसमोर म्हणालास आणि वर हसलास. सख्खा भाऊ तू. आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेत नाही. पित्त कसं आहे? वाढलं असेल तर बरंच झालं. मी ठीक आहे. सांगाडे पास करायचा शिक्का साहेबांनी काढून घेतला, त्यामुळे हात रिकामा आहे, म्हणून लिहितेय.

आमच्या कारखान्यात पाण्याचे पाइप, सांडपाण्याचे पाइप, वायरी, सगळं एका लोखंडी सांगाड्यात बसवून मिळतं. तुम्ही ते क्रेनने उचलायचं आणि छताला टांगायचं. (एवढ्याशा कामाला तुम्ही नऊ जण आणि एक शिट्टीवाला.) सिमेंटचं काम कधी नकाशाबरहुकूम उतरत नाही, म्हणून दोन भिंतींमधलं अंतर तू जागेवर मोजून कळवायचं, आम्ही त्या मापाने बनवायचं, आणि मी तीनदा मोजून शिक्का मारायचा. चौथी नापास आहे मी, पण मिलिमीटर मला नीट कळतो, कारण तो शाळेत शिकले नाही.

मंगळवारी पहिला सांगाडा वर गेला आणि भिंतीला अडला. तू म्हणालास, तिरका घालून बघा. तिरका घातला. गिलावा पडला, शिट्टीवाला मटकन खाली बसला, सांगाडा तिथेच. दुसरा अडला, तिसरा अडला, आणि तू साहेबांना फोनवर सांगितलंस, ताईला आता जमत नाही.

बुधवारी तू जेवायला गेलास तेवढ्यात मी येऊन चौदाही जागा माझ्या टेपने मोजल्या. माणूस चुकतो तेव्हा इथे दोन मिलिमीटर, तिथे बोटभर, असा चुकतो. तुझ्या कागदावर चौदाच्या चौदा जागा बरोबर दहा सेंटीमीटर जास्त. एवढी टापटीप तुझ्यात कधी आली? मग खुर्चीवरची तुझी टेप पाहिली. टोकाची पट्टी तुटलेली. म्हणजे तू दहाच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करतोस. करावी, सगळेच करतात, पण मग शेवटी दहा वजा करायचे असतात रे. (वजाबाकी तुला मीच शिकवली होती, तेव्हा थोडा दोष माझाही.)

साहेबांना अजून बोलले नाही. सोमवारी ते ठरवणार, मला तपासणीवर ठेवायचं की हातात झाडू द्यायचा. बावीस वर्षं झाली मला तिथे. मी मोजून गेले हे तुला कळलेलं दिसतंय, कारण तुझ्या बायकोचा निरोप आला, ताई, यांची बढती तोंडावर आलीय, घरातला माणूस आहे, सांभाळून घ्या. मग मी कोण, शेजारची?

तुझी, अजून तरी,
ताई

ता. क. तुझा कागद हातात आला तेव्हाच मला खटकलं होतं. खालच्या मजल्यांवर नकाशापेक्षा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा फरक असायचा, हे एकदम दहाने लांब. विचारायला उठलेही होते. पण विचारलं असतं तर साहेबांनी सगळ्यांदेखत तुला फोन लावून झापलं असतं. म्हणून परत बसले आणि चौदा शिक्के मारले.

आणखी एक. माप तुझं होतं, हे साहेबांना तुझ्या हाताने लिहून दे. नाही दिलंस तर रविवारी मी बसून दोन्ही लिहीन, तुझी वजाबाकी आणि माझे शिक्के. मग दोघं मिळून झाडू. फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलतोस. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला लेखी उत्तर पाहिजे.