काळीतली माडी

बाळापूर, वैशाख वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव राजश्री सूर्यभानराव जावईबापू यांस खुशालरावाचे अनेक आशीर्वाद. इकडे मंडळी सुखरूप. तिकडचे वर्तमान तुम्ही कळवत नाही, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारावे लागते.

तुमच्या माडीची कीर्ती आली. गाव वसते ती पांढरी सोडून भर कपाशीच्या काळीत दुमजली घर बांधणारा उभ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. मोजणीच्या साहेबाने खड्डा खणून खोली पाहिली, तुमची जमीन पहिल्या प्रतीत टाकली, आणि तुम्हाला आभाळ ठेंगणे झाले. ही माती आगीतून निघालेल्या दगडाची, असेही साहेब म्हणाला म्हणे. असेल. पण त्याने प्रत लावली ती कपाशीसाठी. स्वतःचा तंबू त्याने मुरमाच्या टेकाडावर ठोकला होता, एवढे तरी पाहायचे.

काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. बरड निकस, तिच्यात तूरही धड येत नाही, पण ती भिंत धरते. हे शेंबड्या पोरालाही कळते. पायाभरणीला मी बोललो, तर तुम्ही चारचौघांत हसलात. "मामाजी, पांढरीत गरिबायनं राहावं. आमची काळी त सोन्याची हाये." मी भरल्या पानावरून उठलो, तो तुमच्या दारात पुन्हा आलो नाही.

परवा शफी गाडीवान तुमच्याकडे सरकी पोचवून इकडे आला. माजघराच्या भिंतीला भेग पडली आहे आणि तिच्यात हात जातो, असे त्याने सांगितले. तुम्ही त्यावर जरीचा पडदा लावला आहे. अक्कल गहाण टाकली की माणसाला पडदेच सुचतात. सुभद्राने त्याला पाणी दिले आणि म्हणाली, "शफीभाई, बाबाले सांगू नका. ते अजून रागावतीन."

तिला सातवा लागला. पहिली खेप माहेरी, ही रीत. तुम्ही निरोप धाडता की माडीच्या मालकिणीने मातीच्या धाब्याच्या घरात बाळंत होणे शोभत नाही. मृग तोंडावर आला आहे. पहिल्या झडीत काळी फुगेल, आणि पोर त्याच भिंतीला खाट लावून निजते. मला झोप येत नाही.

सोमवारी छकडा घेऊन येतो. माडीत पाय ठेवणार नाही, अंगणात थांबेन. तुम्ही आडवे आलात तर पागोटे काढून तुमच्या पायांवर ठेवीन. लाथाडलेत तरी बोलणार नाही. पोर तेवढी गाडीत बसू द्या.

आपल्यापुढे हात जोडून,
सुभद्राचा बाप