एकही अक्षर न हरवता

१२ जानेवारी १९८७, सोमवार

आजपासून शिस्त. पुढच्या बुधवारी कॉम्प्युटर क्लबात माझं भाषण आहे: मोडेमवरून, म्हणजे टेलिफोनच्या तारेतून, कॉम्प्युटरवर फाइल आणायच्या चार पद्धती, एक्समोडेम, वायमोडेम, कर्मिट आणि झेडमोडेम, यांची तुलना. उत्तर मिनेसोटात हे काम दुसऱ्या कोणाच्या बापाला जमणार नाही.

बसायच्या जागेवरची गाठ शुक्रवारी काढली, तपासायला पाठवली. नर्स मार्लिस म्हणाली, रिपोर्ट आला की फोन करते. लॉर्नाला यातलं काही बोललो नाही. बर्फावर घसरलो म्हणून उशी घेऊन बसतो, असं सांगितलंय. बायकोच्या जिवाला उगाच घोर नको.

मी घाबरलेलो नाही.

१३ जानेवारी

फोन वाजला. राँग नंबर. त्या माणसाचे तीनदा आभार मानले. बाबा अशाच गाठीने गेले. अर्थात त्यांची मानेवर होती.

चाचण्या तातडीने सुरू केल्या. मोडेम चालू असताना फोन वाजत नाही, हा निव्वळ योगायोग.

१४ जानेवारी

दिवसभर ड्वेनच्या बोर्डाला जोडलेला. ड्वेन म्हणजे मार्लिसचा नवरा. त्याच्या तळघरातल्या कॉम्प्युटरला आम्ही सगळे क्लबवाले फोन लावतो. फायली, निरोप, सगळं तिथेच.

एक्समोडेम चिमूटभर पाठवतो, पोचलं का विचारतो, हो म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. थेट माझे सासरे.

मोठी फाइल अर्ध्यावर आली की लॉर्ना रिसीव्हर उचलते आणि सगळं मुसळ केरात. वर म्हणते, बहिणीशी चार शब्द बोलायची चोरी झालीय, आता जेवायलाही त्या पेटीलाच वाढायला सांग. हिला संशोधन काय कळणार!

१६ जानेवारी

ड्वेनने बोर्डावर चक्क माझ्या नावाची फाइल ठेवलीय. छोटीशीच. लॉर्नाचा हात फोनकडे जायच्या आत उतरते. चाचणीला झकास. एक्समोडेमने आणली, बिनचूक. वायमोडेम उतावळा गडी, लाइनीत जरा खरखर झाली की कोलमडतो, पण दुसऱ्या खेपेला जमलं. उघडली नाही. मजकूर हा तुलनेचा विषयच नव्हे.

आठवडा संपला, मार्लिसचा फोन नाही. चांगली बातमी असती तर एव्हाना केला नसता का? नक्कीच वाईट आहे. देवा.

१९ जानेवारी

जागा ठणकतेय. पसरलं असणार. मृत्युपत्र लिहायला घेतलं. मोडेम कोणाच्या नावे करावा तेच ठरेना.

तीच फाइल कर्मिटने आणली. गोगलगाय, पण पोचवते. मग झेडमोडेमने. हा मात्र पठ्ठ्या! लाइन तुटली तरी जिथे थांबला तिथून पुढे सुरू. माणसाला अशी सोय नाही. डोळ्यांत पाणी आलं. सर्दी असावी.

२१ जानेवारी

सभा गाजवली. सांगितलं, चार पद्धती, फाइल तीच, एकही अक्षर हरवलं नाही. ड्वेनने विचारलं, फाइलीत होतं काय? मी ठणकावलं, पोस्टमन पत्र वाचत नसतो. अख्खा क्लब पोट धरून हसला. माझ्यात विनोदी वक्ता दडलाय, मलाच ठाऊक नव्हतं.

निघताना ड्वेन कानाशी येऊन म्हणाला, गाढवा, एकदा उघड तरी.

२२ जानेवारी

सकाळपासून धीर होईना. शेवटी उभ्याउभ्याच उघडली. मार्लिसचा निरोप. तुझा फोन कायम एंगेज. गाठ नुसती चरबीची. टाके काढायला सोमवारी ये, नाहीतर जागा ठणकेल. म्हणजे सोमवार केव्हाच उलटून गेला. खाली ड्वेनची पुरवणी: क्लबातल्या सगळ्यांनी वाचलंय, आता फक्त तू राहिलास.

सुटलो! वाचलो! धपकन खुर्चीत बसलो. उशी न घेता. ओरडलो ते शेजारच्या आळीत ऐकू गेलं असेल.

लॉर्नाने स्वयंपाकघरातून विचारलं, टाके उसवले का रे?