फ्रिजवरचं चुकलेलं गणित

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (एरवी लिहायचा म्हणून लिहितो, या खेपेला खरोखरच पालथा पडलोय असं समज. मान वर करायची सोय राहिलेली नाही.) भावजींचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला? लेकीची खुशाली विचारत नाही, कारण माझ्याकडून परत आल्यापासून ती गप्प आहे हे तू फोनवर सांगितलंसच, आणि वर ‘काय केलंस रे पोरीला?’ असंही विचारलंस. मी ‘कुठे काय’ म्हणालो. ते खोटं होतं.

मी अंतराळावर कादंबऱ्या लिहितो आणि माझ्या गणिताचा आनंदीआनंद आहे, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या कादंबरीत माझं यान निघायच्या आदल्याच दिवशी पोचलं होतं. (एका वाचकानं अभिनंदनाचं कार्ड पाठवलं.) सुट्टीत आठ वर्षांची भाची आली, भलेमोठे गुणाकार उभ्या उभ्या करणारी, आणि माझ्या मनात पाप आलं. सरळ विचारलं असतं तर तिनं हसत सांगितलं असतं; पण एवढ्याशा पोरीपुढे हात कसे पसरायचे? चुकीचं उत्तर तिला बघवत नाही, हे मी हेरलं होतं. मग यानाच्या वेगाची गणितं मुद्दाम चुकवून फ्रिजच्या दारावर लावायची आणि आपण बाहेर पेपर उघडून बसायचं. पाणी प्यायला गेलेली पोर ‘मामा, अरे काय हे!’ म्हणत दुरुस्त करायची. मी ‘अरेच्चा!’ म्हणायचो. (हे ‘अरेच्चा’ मी आरशासमोर बसवलं होतं.) बघता बघता कादंबरी शेवटच्या प्रकरणाला भिडली.

आता पुढची गंमत. गंमत कसली, माझं कर्म. कादंबरीतही एक हुशार मुलगा आहे. मोठी माणसं फसवून त्याच्याकडून यान चालवून घेतात. त्यांचा संचालक भिंतीवर चुकीची गणितं लिहून ठेवतो. (माझी कल्पनाशक्ती बेताची, घरात होतं तेच वापरलं.) हस्तलिखित टेबलावर राहिलं आणि तिनं ते वाचलं. जेवताना तिनं विचारलं, "मामा, हा संचालक वाईट आहे ना?"

"एक नंबरचा लबाड!" मी खुशीत म्हणालो.

"मग तो तुझ्यासारखं अरेच्चा का म्हणतो?"

मला जो ठसका लागला! तीच उठली, फ्रिजमधून पाणी घेऊन आली. दारावर त्या दिवसाचं चुकलेलं गणित होतं. तिनं ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. सकाळी बॅग भरून ‘घरी सोड’ म्हणाली. कागद अजून तिथेच आहे. ताई, मला फार लाज वाटते गं. फ्रिजपाशी जाववत नाही, मी हल्ली कोमट पाणी पितो.

भाचीला आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही. तिला नुसतं ‘मामानं आठवण काढली’ एवढं सांग.

तुझा, नुसताच वयानं वाढलेला भाऊ

ता. क. – प्रकाशक दारात बसलाय आणि कादंबरीतला तो मुलगा अजून घरी पोचलेला नाही. सोबतचा, शेवटच्या गणिताचा कागद जेवणाच्या टेबलावर सहज विसरल्यासारखा ठेव. तू काही बोलू नकोस.

ता. क. २ – वरचं वाचून माझीच मला शिसारी आली. कागद तिच्या हातात दे. म्हणावं, मामाला गणित येत नाही, त्यानं तुला फसवलं, तो माफी मागतोय. तिनं नाही सोडवलं तरी चालेल. त्या मुलाला मी चालत घरी आणीन.

ता. क. ३ – त्या कागदावरचंही उत्तर चुकलं असणार. पण ते मुद्दाम नाही, देवाशपथ मला तेवढंच येतं. हे तिला तूच सांग. मी सांगितलेलं आता तिला खरं वाटणार नाही.