रेइयो येईपर्यंत

कूसामो,
२४ फेब्रुवारी

प्रिय मेहुणीबाई इर्या,

तुझी पाठ आता बरी असेल आणि अंगणातला बर्फ तू स्वतः उपसत नसशील, अशी आशा करतो. आम्ही इथे पेंटी-तेर्तूच्या केबिनवर ठीक आहोत. थंडी म्हणशील तर नाकातले केस ताठ होतात एवढी, म्हणजे नेहमीचीच. पेंटी रोज सकाळी तळ्यावर जाऊन बर्फातलं भोक पुन्हा मोकळं करतो आणि बादल्या भरून आणतो. तेर्तूने सॅमन माशाचं सूप खाऊ घालून सगळ्यांना मारायचं ठरवलंय.

तुला मी घराबाहेर काढलं, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. "रेइयो, माझी बहीण तुला ओळखत नाही, तू उगाच डोळे मिटून बसलायस," असं तू म्हणालीस आणि माझं डोकंच फिरलं. त्याबद्दल लिहायला बसलेलो नाही. म्हणजे, बसलोय बहुतेक. पण आधी बाकीचं सांगतो.

त्या विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या घरात हिल्कासाठी जागा निघाली आहे. हो की नाही, ते या आठवड्यात कळवायचं होतं. मी मनाशी म्हटलं, दर हिवाळ्यासारखं पेंटीच्या केबिनवर जाऊ. तिथे ती नीट राहिली तर जागा नको म्हणून कळवायचं, आणि तुला चांगलं ठणकावून पत्र लिहायचं. त्या पत्राची पहिली दोन वाक्यं तर येताना गाडीतच तयार होती.

आणि खरंच ती छान होती गं! तळ्याकडचं वळण माझ्याआधी तिलाच दिसलं. आल्या आल्या तेर्तूबरोबर वेलचीचे पाव वळायला बसली. पेंटी म्हणाला, "हिल्का, तुझे पाव यंदाही माझ्या बायकोपेक्षा गोल." तेर्तू म्हणाली, "मग यंदाही भांडी तूच घास." हिल्का खो खो हसली. मी लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन डोळे पुसले.

संध्याकाळी वाफ घ्यायला सौना तापवली. पेंटी आणि तेर्तू आटपून आले, मग आमची पाळी. लग्न झाल्यापासून आम्ही सौनात कधी वेगवेगळे गेलेलो नाही, तुला ठाऊकच आहे. त्यावरून सगळ्यात जास्त तूच चिडवायचीस. मी पंचे काढून ठेवले. हिल्का झगा घालून पडवीतल्या बाकावर बसली होती. म्हटलं, "चल, दगड मस्त तापलेत."

ती गोड हसली. "नको हो, तुम्ही जाऊन या. मी माझ्या नवऱ्याबरोबरच जाते."

मला वाटलं, थट्टा करते आहे. म्हटलं, "बरं, मग नवरा कुठाय तुझा?"

"लाकडं आणायला गेलाय. येईलच इतक्यात."

"अगं, मीच की! रेइयो!"

ती घाबरली नाही, ओरडलीही नाही. फक्त झग्याची गळपट्टी हाताने घट्ट धरली. अनोळखी माणसासमोर बाई धरते, तशी. इर्या, ते मला बघवलं नाही.

मग मला वाटलं, लाकडं आणायला गेलाय ना, मग लाकडं घेऊनच येऊ. मागच्या दाराने कोठीत गेलो, कवेत मावतील तेवढे बर्चचे ओंडके उचलले, बूट आपटत, शिटी वाजवत पुढच्या वाटेने आलो. मी नेहमी येतो तसा. म्हाताऱ्याची अक्कल बघ.

"बरं झालं आणलीत," ती म्हणाली. "तिथे ठेवा. वाटेत रेइयो दिसला का हो?"

मी म्हटलं, नाही दिसला.

तेर्तूने तिला आपल्याबरोबर नेऊन पाहिलं, तर तीही नको. तो आल्यावर. शेवटी चुलीतली आग विझली, दगड गार झाले, आणि तेर्तूने तिला हाताला धरून आत आणलं. पेंटीने सगळं पाहिलं होतं. कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला आणि गरज नसताना ढीगभर लाकडं फोडली. जेवताना मला म्हणाला, "अजून एक बटाटा घे."

त्यानंतर रोज तेच. काल मात्र ती रडली. "इतका उशीर तो कधी करत नाही. बर्फ फुटून पाण्यात पडला असणार." माझ्यासाठी रडणारी माझी बायको मी समोर बसून पाहिली, आणि तिचे डोळे पुसायला हात पुढे केला तर ती मागे सरकली. डोळे तेर्तूने पुसले.

येताना गाडीत ती मागे तेर्तूशेजारी होती. आता आठवून पाहतो, तर वाटेत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. घरी माझ्या हातून जेवते, कपडे घालून घेते, आभार मानते. आभार, इर्या! नगरपालिकेने पाठवलेला मदतनीस समजत असणार मला. कधीपासून, देव जाणे. आणि मी म्हणत होतो, मी आहे ना तिला. मी कुठे आहे? ती एकटीच आहे, आणि तिचं एकटेपण मीच रोज समोर बसून पाहतो आहे. यावर उपाय नाही. असता तर मी एवढा भांडलो नसतो.

आज सकाळी फोन करून जागा हवी म्हणून कळवलं. सोमवारी तिला न्यायचंय. इथून परतायला तेर्तू आहे, पण पुढे हिल्का एकट्या माझ्याबरोबर येणार नाही. परक्या पुरुषाबरोबर ती कुठे जात नाही, आणि तिने जाऊही नये. तुला अजून ओळखते. रस्ताभर तुझंच नाव घेत होती. तेव्हा तू ये. तिचा हात धरून तिला आत ने. मी गाडीत बसून राहीन.

रेइयो कुठाय असं ती तुला विचारेल. हवं ते सांग. फक्त तो गेला असं सांगू नकोस. तेवढं रडून झालंय तिचं.

तुझ्या बहिणीचा नवरा,
रेइयो