भिंगाचा दिवा

४ फेब्रुवारी

सूक्ष्मदर्शक! मागवला होता भिंगाचा दिवा — मेजाला अडकवायचा, खाली कापड धरलं की धागे मोठे दिसतात तो. खोक्यातून निघालं प्रयोगशाळेतलं यंत्र! वन्संनी डाव्या हातात कात्री धरून खोकं फोडलं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुला रफू करायचंय की जंतू शोधायचेत?"

मेजाची डावी कड मी मोकळी करून ठेवली होती. उजेड डावीकडून आला तरच माझ्या उजव्या हाताची सावली कापडावर पडत नाही.

दिवा कशाला, ते वन्संना सांगितलेलं नाही. हौस म्हटलं. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांचं बोलणं मी पोटात ठेवलंय — "आता चष्मा बदलून फारसा उपयोग नाही." रफूवाली, आणि दिसत नाही! गिऱ्हाइकांना कळलं तर दुकान बंद. वन्संना कळलं तर जगणं मुश्कील. एरवीच समोर बसून दिवसभर माझ्या हातांकडे टक लावून असतात. चुका शोधत असणार, दुसरं काय!

५ फेब्रुवारी

कंपनीला फोन. पलीकडची बाई भारीच गोड. "वस्तूमध्ये भिंग आहे का?" आहे. "दिवा आहे का?" आहे, काचेखाली इवलासा. "मग मॅडम, भिंगाचा दिवाच आलाय की!"

कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी निरोप — 'ग्राहकाचे समाधान झाल्याने तक्रार बंद.' कुणाचं समाधान?

७ फेब्रुवारी

पुन्हा तीच बाई. वस्तूचा फोटो पाठवा म्हणाली. वापरलेली असेल तर परत घेणार नाहीत. मी कशाला वापरतेय ते धूड!

८ फेब्रुवारी

वापरलं.

नुसता एक काळा धागा ठेवून पाहिला. काळा कुठला! निळा, तांबूस, मधेच कुठेतरी सोनेरी — आणि केवढा पीळ त्याला! एकेक तंतू दुसऱ्याला घट्ट धरून बसलेला. अंगावर काटा आला. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं, तो मी आज पहिल्यांदा पाहिला. मग मीठ ठेवलं. काचेच्या चौकोनी पेट्याच पेट्या! रोज भाजीत टाकतो आपण हे?

वन्संना हाक मारली. एक डोळा मिटून कितीतरी वेळ वाकून राहिल्या. "बाई गं!" एवढंच. टोमणा नाही!

१० फेब्रुवारी

फोटो पाठवले. घाईत माझा गोंधळ — मोबाईल भिंगाला टेकवून काढलेला मिठाचा फोटो गेला! लगेच फोन. "मॅडम, ही आमची वस्तूच नाही."

"मी तरी आठवडाभर काय सांगतेय!"

हसू आवरेना तिला. मलाही. मग तिनेच हळूच विचारलं, "पण हे आहे काय?" मीठ, म्हटलं. "किती सुंदर हो!" मग म्हणाली, काच पुसून खोक्यात ठेवा, माणूस येऊन घेऊन जाईल, पैसे परत मिळतील. वापरलं का, ते विचारलंच नाही.

जिंकले. आणि आता ते यंत्र द्यावंसं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या गाण्याच्या बाई त्यांची पातळ शाल घेऊन आल्या. नवीन भोक पडलंय. जुन्या भोकाचं रफू मीच केलं होतं गेल्या थंडीत. "कुठे होतं ते सापडतसुद्धा नाही हो," म्हणाल्या. मला धीर आला. म्हटलं, यंत्र जायच्या आत आपलं काम बघून घ्यावं.

शाल काचेवर पसरली. कडेच्या रांगा माझ्या — उजवीकडून सुरू केलेल्या. पण वेड्यावाकड्या, धागे सुटलेले. माझ्या! रडू आलं. मग शाल सरकवली. मधल्या रांगा सरळ, एकही धागा सुटलेला नाही. आणि प्रत्येक रांग डावीकडून सुरू झालेली.

डावीकडून.

माझं सुटलेलं कुणीतरी उसवून पुन्हा विणलंय. वन्सं! "मला कुठे सुई धरता येते," म्हणणाऱ्या वन्सं. समोर बसून बघायच्या ते हे. समोरून माझा उजवा हात बघायचा आणि डाव्याने तसंच करायचं — आरशात बघून शिकल्यासारखं! आणि रोज दुपारी मागे लागायच्या, "पड जरा, डोळे लाल झालेत तुझे." मी पडायचे. घोरायचेसुद्धा.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. एका शब्दाने बोलल्या नाहीत. ज्या बाईचं तोंड दिवसभर मिटत नाही, ती हे बोलली नाही! मी किती वेळ त्या रांगांकडे बघत बसले, कोण जाणे. एवढं सुंदर मीठसुद्धा नव्हतं.

१५ फेब्रुवारी

यंत्र गेलं. पैसे आले. कोपऱ्यावरच्या दुकानातून भिंगाचा दिवा आणला आणि मेजाच्या उजव्या बाजूला अडकवला.

वन्सं दिव्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"सरक जरा," म्हणाल्या.