खालची फिडल

मीनाग्लास, आर्डाराजवळ
३ नोव्हेंबर १९५३

चि. फेलिम यास रोशाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र ऑगस्टात आलं ते शेवटचं. तेव्हापासून पोस्टमन आपल्या दारावरून शीळ घालत पुढे जातो आणि मी उगाच कोंबड्यांवर खेकसते. स्कॉटलंडचे डोंगर पोखरता पोखरता सख्ख्या बहिणीला विसरलास, असं म्हणून तुझी खरडपट्टी काढणार होते. पण बातमी चेष्टा करण्यासारखी नाही.

बाबांना सप्टेंबरात झटका आला, मागावर बसले असतानाच. हातपाय चालतात, पण डोकं कधी या घरात असतं, तर कधी आई होती तेव्हाच्या दिवसांत. डॉक्टर म्हणाले की ख्रिसमस काढतील, त्यापुढचं विचारू नका. तुला तेव्हाच कळवणार होते, पण बाबांनीच अडवलं. म्हणाले, की पोरगं बोगद्यात काम करतंय, चित्त थाऱ्यावर नसलं तर दगड पडेल अंगावर. मागाचं काम आता मी उरकते. कापड त्यांच्यासारखं होत नाही, पण दुकानदार अजून काही बोललेला नाही.

आता खरं दुखणं सांगते. दुपारचा चहा झाला की ते भिंतीवरची फिडल काढतात, हनुवटीखाली लावतात आणि आपली ती नाचाची रील धरतात. पहिल्यांदा ते एकटे वरच्या सप्तकात वाजवणार आणि दुसऱ्या फेरीला तू खालच्या सप्तकातून येऊन मिळणार, ही आपल्या घरची रीत. पहिली फेरी अजून अशी वाजते, की चुलीतली दलदलीतल्या पीटची ओली ढेपसुद्धा नीट पेटते. मग दुसरी फेरी येते, गज तारांवर थांबतो आणि ते तुझ्या स्टुलाकडे बघतात. खालून कुणी येत नाही. मग मला विचारतात, की फेलिम गुरं बघायला गेला का. मी हो म्हणते. रोज. शेजारची बिडी म्हणाली, की म्हाताऱ्याला रेडिओ लावून दे. तिला त्या दिवशी चहा दिला नाही.

ख्रिसमसला ये. फिडल घेऊन ये आणि ती रील एकदा त्यांच्याबरोबर पुरी कर. मला दुसरं काही नको. तारा जुन्या झाल्या असतील तर नव्या पाठवते.

लोभ असू दे. तो जमत नसेल तर निदान पत्र असू दे.

तुझी
रोशाताई


बोगद्याची छावणी, इन्व्हरनेसजवळ
१४ नोव्हेंबर १९५३

ती. रोशाताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मला आधीच कळवायला हवं होतंस. बाबांना वेळच्या वेळी ओटची पेज देतेस ना? रात्री दाराची फट बुजवत जा. तू हे सगळं करत असणारच, मी दूर बसून शहाणपणा शिकवतोय.

पण ख्रिसमसला येणं कठीण दिसतं. बोगदा पलीकडच्या तोंडाला भिडायला आलाय आणि सुट्टी कुणालाच नाही. मुकादम आपल्याच काउंटीचा, म्हणून जास्तच कडक. ईस्टरला नक्की बघतो.

माझी काळजी करू नकोस. वाजवणं सुटलेलं नाही. गेल्या शनिवारी झोपडीत मस्त मैफल झाली. स्काय बेटावरचा एक जण आहे, त्याने खालची बाजू धरली, मी वरची धरली आणि आपली रील अशी रंगली, की नाचणाऱ्यांनी जमिनीची फळी मोडली. बाबांना हे सांग, त्यांना बरं वाटेल. तारा पाठवू नकोस, भरपूर आहेत.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो राहू दे.

तुझा
फेलिम


मीनाग्लास
२२ नोव्हेंबर १९५३

चि. फेलिम यास अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मैफलीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, की हे पत्र आपल्या फेलिमचं नव्हे. मला वाटलं, डोकं पुन्हा भरकटलं. पण चुलीपाशी बसून विचार केला तेव्हा त्यांचंच खरं वाटलं.

तू सहा वर्षांचा असल्यापासून खालची बाजू वाजवतोस. काकाच्या लग्नात सगळे मागे लागले तरी तू वरची धरली नाहीस. बाबा जिवंत असताना ती जागा माझी नाही, असं म्हणून चक्क उठून गेलास. आणि आता स्कायच्या कुणा परक्या माणसाला खालची देऊन, आपलीच रील, तू वरून वाजवलीस? असली थाप मारण्यापेक्षा सरळ आजारपणाचं निमित्त सांगायचंस, निदान पटलं असतं.

तुरुंगात आहेस का? लग्न केलंस का एखाद्या परपंथातल्या, प्रेस्बिटेरियन बाईशी? फिडल दारूपायी विकलीस का? यातलं काहीही असलं तरी मी दार लावणार नाही. फक्त खरं लिही. बाबा काल निम्म्या रीलवरच खुर्चीत झोपले.

रागावले आहे, पण लोभ कमी झालेला नाही.

रोशाताई


छावणी
१ डिसेंबर १९५३

ती. रोशाताईस, सा. न. वि. वि.

फिडल विकली नाही. बायको नाही. ऑगस्टात कातळाचा एक तुकडा सुटून आला आणि माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. जखम भरली आहे. आता मी बोगद्यातले दिवे ठेवतात त्या खोलीत काम करतो, उजवा हात ठणठणीत आहे. फिडल पेटीत आहे, त्यानंतर उघडलेली नाही.

तुला कसं लिहिणार होतो? बाबांनी माझं एकेक बोट उचलून तारेवर ठेवलं होतं. आई ओरडायची, की पोराला आधी चमचा धरायला शिकवा. तो हात त्यांच्यापुढे कसा धरू? ते वाट बघतात, हे वाचलं. ताई, वाट बघत राहिले, तर निदान त्यांच्या मनात माझा हात अख्खा आहे. आलो तर तोही जाईल. म्हणून येत नाही. मला भ्याड म्हण, चालेल.

मैफल झाली होती. मी दाराशी उभा राहून ऐकली.

फेलिम


मीनाग्लास
९ डिसेंबर १९५३

माझ्या लाडक्या फेलिम, अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन गोठ्यात गेले आणि गाईच्या मानेत तोंड घालून रडले. ती बिचारी दूध द्यायची थांबली. मूर्खा, चार महिने एकट्याने सोसलंस. भ्याड नाही म्हणत, गाढव म्हणते.

आता ऐक. तू शिकत होतास तेव्हा मीही ऐकत होते. तुम्ही बाप-लेक शेतावर गेलात, की मी तुझी फिडल काढून सगळी खालची बाजू बोटांनी वाजवायची, नुसती बोटांनी. गज लावला असता तर आवाज झाला असता आणि आईने लोणी घुसळायला बसवलं असतं. ती बोटं अजून विसरलेली नाहीत. चार दिवसांपूर्वी बिडीच्या नवऱ्याची फिडल मागून आणली, बाबांच्या पाठीमागे बसले आणि दुसऱ्या फेरीला खालून आले. वाटलं होतं, फसतील.

चार स्वर झाले असतील. बाबा थांबले. मागे न वळताच म्हणाले, की बोटं घरची आहेत, पण गज कुणाचा? फेलिम गज असा ओढत नाही, हे कुणीतरी गवत कापतंय. मला हसू आलं आणि मग मुळीच आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी फिडल भिंतीवरून काढलेली नाही. पेजही निम्मी टाकतात. ईस्टर फार लांब आहे रे.

मी काल दिवसभर मागावर तेच डोक्यात घोळवलं. लग्नात दारू चढली की दोघे जण एका फिडलवर गंमत करतात ना, एकाची बोटं आणि दुसऱ्याचा गज? तू आणि मामाचा कोल्म करायचात आणि लोक हसून लोळायचे. आपण तेच करू, हसण्यासाठी नाही. बाबांच्या मागे तुझं स्टूल आहे, त्यावर दोघं मावू. तुझा उजवा हात घेऊन ये. डावा माझ्याकडे आहे.

मग त्यांना हात दाखवायचा की नाही, ते तू ठरव. माझं मन म्हणतं, दाखव. आपल्या पोराचा हात आहे, कसाही असला तरी ते तो हातात घेतील.

लोभ एरवी पत्रातून पाठवते, या खेपेला तो न्यायला तूच ये.

रोशाताई


छावणी
१५ डिसेंबर १९५३

ती. रोशाताईस, सा. न. वि. वि.

मुकादमाला सगळं सांगितलं. त्याने जहाजाची वेळ गाठायला गाडी मागवून दिली. ग्लासगोहून शुक्रवारी निघतो.

काल पेटी उघडली. गजाचे केस उंदरांनी खाल्लेले नाहीत. राळ लावली आणि नुसत्या मोकळ्या तारांवर गज ओढून बघितला. शेजारच्या खाटेवरचा स्कायवाला म्हणाला, की गजाचा हात अजून बिघडलेला नाही. माझे डोळे भरून आले, तो बिचारा माफी मागायला लागला.

तू डाव्या हाताची नखं बारीक कापून ठेव, नाहीतर तारेवर खरखरतील. आणि दुसऱ्या भागात तू नेहमी घाई करतेस. हो, मला ठाऊक होतं, खिडकीतून तुझी बोटं बघायचो. माझ्या फिडलला लोण्याचा वास यायचा.

बाबांना माझ्या येण्याचं काही सांगू नकोस. फक्त त्यांनी विचारलं, की फेलिम गुरं बघायला गेला का, तर या खेपेला सांग, की गुरं बांधून झाली, तो येतोच आहे.

तुझा
फेलिम