दाण्यांवर चपला

प्रिय ताई,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. दर आठवड्याला ठरल्या वेळी भाग लिहून देण्यात आयुष्य गेलं माझं! आजही लिहिते आहे ते मुदत भरत आली म्हणूनच. आपली जुनी मालिका, 'सुट्टीतले पाच', आता मोबाइलवर पुन्हा दिसते. तेव्हा शाळेतून धावत येऊन ती बघणारे आता आपल्या लेकरांना दाखवतात. गुरुवारी एक मुलगी माझी मुलाखत घेणार आहे. तिला एकच विचारायचं आहे: हे सगळं सुरू कुठे झालं?

इतकी वर्षं मी याचं एकच उत्तर देत आले. सुचलं.

सुचलं कुठे गं? तुमसरला राईस मिलच्या पटांगणात उकडलेलं धान वाळत घातलेलं असायचं. आई मिलमध्ये कामाला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण दोघी त्या धानाच्या राखणीला. शेडच्या सावलीत बसून तू गोष्ट रचायचीस. फुशारक्या मारणारा बंडू, कशालाही रडणारी शीला... पाचही जण तुझे, पाचांचे आवाजही तुझेच. त्यांचं भांडण ऐन रंगात आलं की तू उठायचीस. "पलटवा!" मग दोघी अनवाणी पाय ओढत, दाणे खालीवर करत धानातून फिरायचो. परत सावलीत येईपर्यंत पुढचं सांगायची नाहीस. किती चिडायची मी!

मालिकेत मी पटांगणाची गच्ची केली आणि धानाच्या जागी आजीचे गहू वाळत घातले. बाकी सगळं तुझं. भांडण पेटलं की कुणीतरी "पलटवा" म्हणतं आणि पाचही जण उठतात. लोक अजून त्याच जागी हसतात.

पहिला भाग बघून तू फोन केला होतास. माझा जीव मुठीत. तू एवढंच म्हणालीस, "चांगलं झालं, लहाने. पण ते पोट्टे चपला घालून काहून पलटवून राहिले? दाण्यांवर चपला घालून चालते का कोणी?"

मी हसले. सुटले, असं वाटलं. तू आणखी काहीच का नाही बोललीस?

परवा भंडाऱ्याला तुझ्या प्रेरणाकडे गेले होते. चहा घेता घेता तिनं मोबाइलवर तोच पहिला भाग लावला. म्हणाली, "मावशी, आई म्हणे का हे पाचही पोट्टे मीच बनवले. आम्ही हासत होतो तिले. मंग तिनं सांगणंच सोडलं. खरं होतं का?"

तुझ्याच घरात तुला खोटं पाडलं ते मी, ताई. आणि तरी त्या पोरीला मी काय सांगितलं? "थोडंफार." आयुष्यभर संवाद लिहिले, पण इतका लबाड शब्द कुणाच्या तोंडी घातला नव्हता.

मुलाखत घरी ठेवलेली नाही. त्या मुलीला तुमसरलाच बोलावलं आहे, आपल्या मिलच्या पटांगणात. प्रेरणालाही यायला सांगितलंय. तिला समोर बसवीन आणि पहिलं नाव तुझं घेईन. पाचही जण तुझे होते, हे तिच्याकडे बघून सांगेन. बोलता बोलता धान पलटवायची वेळ झालीच, तर तिला घेऊन उठेन.

चपला शेडमध्येच काढून ठेवू, ताई.

तुझी,
लहानी